मान चोळून डोळ्याची नस सुधारत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

डोळ्याच्या चौथ्या नसेच्या जन्मजात कमजोरीवरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "मान वाकडी म्हणून डोळ्याचं ऑपरेशन? डॉक्टरांचे धंदे. तेल लावून चोळली की लेकराची मान सरळ होते."

मतभेद चालतील, पण 'धंदे' काय साहेब? बारा वर्षं तिरळेपणाची लेकरं तपासतोय, असं बोलणं लागतं. फीवरचे टोमणे सोडून देतो. एक मान्य, त्या लेखाच्या शीर्षकात 'लकवा' हा शब्द नको होता, आईबाप घाबरतात. बदललाय.

आता चोळण्याचं. ही नस डोळ्याच्या एकाच स्नायूला जाते. त्या स्नायूची दोरी, म्हणजे त्याचं दोरीसारखं टोक, नाकाकडच्या छोट्या कप्पीवरून, विहिरीच्या रहाटावरून वळावी तशी वळून डोळ्याला चिकटते. नस कमजोर किंवा दोरीच ढिली असली की तो डोळा वर सरकतो. उजवा डोळा असेल तर लेकरू मान डाव्या खांद्याकडे टाकतं, कारण तसं केलं की दोन्ही डोळे जुळतात. म्हणजे वाकडी मान हा लेकराने स्वतःच शोधलेला इलाज आहे, आणि तुम्ही तोच चोळून काढायला निघालात!

हाताने पाहा. मान हळूच उजव्या खांद्याकडे न्या. ती सहज जाते, पण उजवा डोळा वर चढतो आणि लेकरू मान लगेच परत नेतं. एका डोळ्यावर पट्टी लावली तर बहुतेकांची मान सरळ होते. वर्षानुवर्षं आखडलेली मात्र लगेच होत नाही. मानेचाच स्नायू आखूड असेल तर मान हाताने नेतानाच अडते, लहानपणी तिथे गाठही लागते. अशी मान बहुतेकदा ताणाच्या व्यायामाने सुटते. तुम्ही पाहिलेली सरळ झालेली लेकरं बहुधा यातलीच.

ऑपरेशन सगळ्यांना लागत नाही. दोन डोळ्यांच्या उंचीतला फरक थोडा असेल तर प्रिझमचा, म्हणजे दोन्ही डोळ्यांची चित्रं जुळवणारा, चष्मा भागवतो. जास्त असेल तर बहुधा त्याच डोळ्याचा खालचा तिरका स्नायू, जो जोर करतो, तो सैल करतात. दोरी फारच ढिली असेल तर तिला चुणी घालतात. चुणी जास्त झाली तर डोळा नाकाकडे वळवून वर जात नाही, म्हणून ती बेताने घालावी लागते.

जावळाचा फोटो काढून पाहा. मान तेव्हापासून त्याच बाजूला असेल, तर तेलाची बाटली ठेवा आणि आधी डोळे तपासून घ्या.