दुसरं इंजिन फुकट जात नाही

मालगाडीला दोन इंजिनं दिसली की "एक बंद पडलं असणार" किंवा "सरकारी वीज आहे, जळू दे" असं लिहिणाऱ्यांसाठी ही पोस्ट. जरा लांब आहे, पण हिशेब मांडल्याशिवाय हे पटायचं नाही.

आधी एक गैरसमज. गाडी किती लांब आहे यावर इंजिनं ठरत नाहीत. उघड्या बॉक्सएनएचएल वॅगनचा ५८ डब्यांचा रेक, म्हणजे एकत्र जोडलेली डब्यांची रांग, घ्या. रिकामा असेल तर एक वॅगन साधारण २०.६ टन, म्हणजे अख्खा रेक १२०० टनांच्या आसपास. तोच रेक कोळशानं भरला की एकेक वॅगन ९१.६ टनांपर्यंत जाते आणि गाडी होते ५३०० टनांची. लांबी तीच, वजन साडेचार पट. म्हणून मिरजेत गाडी बघायला उभं राहिलात तर इंजिन मोजायच्या आधी वॅगनच्या चाकांवरच्या स्प्रिंगा बघा. भरलेल्या वॅगनच्या स्प्रिंगा दबलेल्या असतात, रिकाम्या वॅगनच्या मोकळ्या. आवाजही सांगतो. रिकामी वॅगन खडखडते, भरलेली जॉइंटवरून जड ठोके देत जाते. रिकाम्या रेकवर दोन इंजिनं असतील तर बहुतेक वेळा दुसरं कुठल्यातरी शेडकडे किंवा पुढच्या कामाला निघालेलं असतं. तिथं "गरज काय" हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही.

आता भरलेली गाडी. दुसरा गैरसमज हॉर्सपॉवरचा. हॉर्सपॉवर वेग देते. उभी गाडी हलवते ती ओढ. डब्ल्यूएजी-९ हे विजेचं इंजिन ६००० हॉर्सपॉवरचं, सुरुवातीची ओढ सुमारे ४७ टन. डब्ल्यूडीजी-४ हे डिझेल ४००० हॉर्सपॉवरचं, पण त्याची सुरुवातीची ओढ ५४ टनांच्या घरात. ताकद कमी, ओढ जास्त! कारण ओढ शेवटी चाक रुळाला किती धरून राहतं यावर थांबते, आणि घसरायला लागलेलं चाक सावरण्यात हे डिझेल फार पटाईत आहे.

सपाट रुळावर उभी गाडी हलवायला टनामागे साधारण ४ किलो ओढ धरतात. ५३०० टनांना २१ टन झाले. एक डब्ल्यूएजी-९ आरामात निघेल. आता डोळ्यांना सपाटच वाटणारा चढ घ्या, २०० मीटरला १ मीटर. चढाचे २६.५ टन वाढले, एकूण ४७.५. इंजिनाची ओढ ४७. म्हणजे कोरड्या रुळावरसुद्धा सगळं काठावर.

आणि हिवाळ्यात रूळ कोरडा नसतो. पंचगंगेच्या काठानं, कोल्हापूर-मिरज मार्गावरच्या वळिवडे-रुकडीच्या ऊसपट्ट्यात पहाटे जे दव पडतं ते पावसापेक्षा वाईट. धो-धो पाऊस रूळ धुऊन काढतो. दव मात्र रुळावरची धूळ, गंज आणि तेल भिजवून त्याचा पातळ लगदा करतं. कोरड्या रुळावर चाक आपल्या वजनाच्या ३५ टक्क्यांपर्यंत किंवा थोडी जास्त ओढ देतं, या लगद्यावर २० टक्के धरा. १२३ टनांच्या इंजिनाकडून मग जेमतेम २५ टन मिळतात. त्याच चढावर चालती गाडी नुसती चालू ठेवायलाच ३६-३७ टन लागतात. गाडी मंदावते, चाक फिरतं, शेवटी गाडी उभी राहते. गळीत हंगामात फाटकावर ट्रॉलीतून पडलेलं पाचट आणि उसाच्या कांड्या रुळावर चिरडल्या गेल्या की तेवढा तुकडा आणखी निसरडा.

यावर उपाय वाळू. इंजिनाच्या चाकापुढं नळीतून वाळू सोडतात आणि पकड बरीच परत येते. पण वाळू कोरडी हवी. ओल लागली की पेटीतच ढेकूळ होतं, नळी तुंबते, आणि नेमकं हवं तेव्हा काही येत नाही. थंडीतल्या फेरीआधी वाळूची पेटी आणि नळ्या तपासणं हे इंजिनाच्या तेलपाण्याइतकंच महत्त्वाचं काम आहे, आणि ते करणाऱ्या माणसाचं नाव कुणी घेत नाही.

दुसरं इंजिन इथं तीन प्रकारे कामी येतं. एक तर ओढ दुप्पट. शिवाय पुढच्या इंजिनाची चाकं रूळ पुसत जातात, त्यामुळे मागच्याला पकड चांगली मिळते. तिसरा फायदा हवेचा. ब्रेक पाइपमध्ये, म्हणजे ब्रेकची हवा नेणाऱ्या नळीत, इंजिनाशी चौरस सेंटीमीटरला ५ किलो दाब लागतो आणि तो शेवटच्या डब्यापर्यंत पोचायला हवा. गळती मिनिटाला पाव किलोपेक्षा जास्त चालत नाही. थंडीत होजपाइपचे रबरी वॉशर कडक होतात, जोडातून हवा फुसफुसते. दोन इंजिनांचे कॉम्प्रेसर असले की पाइप लवकर भरतो. आपल्याकडं हा त्रास सौम्य आहे. कॅनडात पारा उणे २५ च्या खाली गेला की गाड्याच आखूड करतात आणि मधे इंजिनं घालतात, कारण शेपटापर्यंत हवा टिकत नाही.

कोल्हापूर-मिरज मार्ग एकेरी आहे हे विसरू नका. मधल्या दोन स्टेशनांत एखादी मालगाडी चढावर अडकली तर मागून इंजिन आणून ढकलायची, नाहीतर गाडी दोन तुकड्यांत न्यायची. तोवर दोन्हीकडच्या पॅसेंजर उभ्या. दुसऱ्या इंजिनाच्या विजेचा हिशेब मांडणाऱ्यांनी ते तास पण धरावेत. लोड ठरवताना दुपारच्या कोरड्या रुळाचा आकडा धरणं मला साफ चुकीचं वाटतं. गाडी पहाटे निघणार असेल तर पहाटेचाच धरायला हवा.

खरी इंजिनांची रांग बघायची असेल तर मिरज-बेळगाव-लोंढा करत कॅसलरॉकला जा. गोव्यातल्या कुळेहून वर येणारा ब्रागांझा घाट ३७ ला १ चढाचा. भोर आणि थळ घाटही तेवढेच. ५३०० टन भागिले ३७, म्हणजे चढाचेच १४३ टन. घर्षणाचे १० धरा. पाच डब्ल्यूडीजी-४ लावली तर त्यांचं स्वतःचं वजन ६३० टन, त्याचे १७. एकूण १७०. एक इंजिन सतत ४० टनांच्या आसपास ओढतं, म्हणजे चार अपुरी, पाच हवीत. मुरगावहून कोळसा घेऊन चढणाऱ्या गाड्यांना पाच इंजिनं दिसतात ती यामुळे. ती सगळी पुढं लावत नाहीत. १७० टनांची ओढ पहिल्याच कपलिंगवर आली तर त्याचा नकल, म्हणजे दोन डबे अडकवणारा पोलादी आकडा, तुटतो. म्हणून काही पुढं ओढायला, काही मागं ढकलायला. मागच्यांना बँकर म्हणतात. उतरतानाही ती इंजिनं मोकळी नसतात; मोटरा उलट वापरून गाडी धरून ठेवतात, नाहीतर ब्रेकचे ठोकळे तापून निकामी होतील.

बघायला जाणाऱ्यांसाठी एवढंच. सकाळी ६ ते साडेआठ ही वेळ. रुळात किंवा पुलावर उभं राहू नका. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली तो गुन्हा आहे, आणि धुक्यात विजेचं इंजिन अगदी जवळ येईपर्यंत ऐकू येत नाही. वरची तार २५ हजार व्होल्टची, सेल्फी स्टिक तिच्या जवळ नेऊ नका. दोन्ही इंजिनांचे पँटोग्राफ, म्हणजे तारेला टेकून वीज घेणारे छतावरचे सांगाडे, वर आहेत का बघा. मागच्याचा खाली असेल तर ते बहुधा नुसतं ओढत नेलेलं इंजिन आहे. चाकांपाशी वाळूचा पांढरट धूर दिसतो का बघा. एकदा सकाळी ७ ला आणि एकदा दुपारी १२ ला तशीच भरलेली गाडी त्याच जागेवर बघा, आणि शेवटच्या डब्यावरची एलव्ही (लास्ट व्हेइकल) पाटी दिसेपर्यंत किती सेकंद लागले ते मोजून कमेंटमध्ये लिहा.