एकेचाळिसाव्या वर्षी बारखाली

स्पेनमधल्या अल्कोयानो या छोट्या फुटबॉल क्लबने रेआल माद्रिदला हरवलं त्या सामन्याचा विषय निघाला की आमच्या ग्रुपमध्ये कुणीतरी म्हणतंच, "लॉटरी लागली रे त्यांना." मला हे कधीच पटलेलं नाही. कोल्हापुरात पेठेच्या संघात आठ वर्षं गोली (गोलकीपर) म्हणून उभा राहिलोय, म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

20 जानेवारी 2021. स्पेनच्या आलिकान्ते प्रांतातलं आल्कॉय, तिथलं एल कोलाओ नावाचं छोटं मैदान, स्पर्धा कोपा देल रे, म्हणजे स्पेनचा कप. समोर प्रशिक्षक झिदानचा रेआल, आणि तिसऱ्या श्रेणीतल्या अल्कोयानोच्या गोलच्या बारखाली गोलकीपर होसे हुआन. वय 41. मध्यंतराच्या तोंडावर मिलिताओने हेडर मारून रेआलला पुढे नेलं. एरवी असे सामने तिथेच संपतात. पण होसे हुआन एकामागून एक फटके अडवत राहिला, म्हणून फरक एकाच गोलचा राहिला, आणि म्हणूनच 80 व्या मिनिटाला सोल्बेसने कॉर्नरवर केलेल्या गोलला बरोबरीची किंमत आली. हे लोक विसरतात. पुढे रेआलने बेंचवरून बेंझेमा, क्रूस, हझार्ड असे एकेक जण उतरवले. जादा वेळेत अल्कोयानोच्या रामोन लोपेसला लाल कार्ड मिळालं. दहाच जण उरले, आणि 115 व्या मिनिटाला हुआनानने दुसरा गोल मारला. 2-1.

या क्लबच्या नावाने स्पॅनिशमध्ये एक वाक्प्रचारच आहे. कुणी अजिबात हिंमत सोडत नसेल तर म्हणतात, याच्यात अल्कोयानोपेक्षा जास्त उमेद आहे. दंतकथा अशी की संघ भरमसाट गोलांनी मागे होता, वेळ संपत आली होती, तरी बरोबरी साधायला खेळाडूंनी रेफरीकडे वेळ वाढवून मागितला. आता वाटतं, या म्हणीला शोभेलसा गोलकीपर मिळायला त्यांना 2021 पर्यंत थांबावं लागलं.

होसे हुआन स्पेनच्या गॅलिसिया प्रांताचा, जन्म 1979 चा. लुगोकडून दुसऱ्या श्रेणीत खेळला, बाकी बराच काळ त्याच्या खालच्या मैदानांवर गेला. "खालच्या श्रेणीत अडकला" असं लिहिलेलं वाचलं की मला राग येतो. अडकला काय? 2020-21 मध्ये तिसऱ्या श्रेणीत, म्हणजे सेगुंदा बे मध्ये, 102 संघ होते. त्यांतल्या प्रत्येकात गोलकीपरची जागा एकच. फॉरवर्डला शेवटची वीस मिनिटं मिळू शकतात, मिडफिल्डरला जागा बदलून खेळवता येतं. आपल्या गोली लोकांना यातलं काही नाही. पहिला गोली पडला किंवा बाहेर गेला तरच दुसऱ्याची पाळी, नाहीतर पूर्ण हंगाम रोज सराव करायचा आणि रविवारी जॅकेट घालून बाकावर बसायचं. अशा धंद्यात चाळिशी ओलांडून पहिली पसंती म्हणून टिकणं हीच मुळात मोठी कारकीर्द आहे. माझ्या गुडघ्यांनी तिशीतच हात टेकले, त्यामुळे 41 व्या वर्षी 120 मिनिटं झेपावायला काय लागतं याची थोडी कल्पना मला आहे.

आणि वय वाढलं की गोली नुसता म्हातारा होत नाही. तो कमी उड्या मारतो, कारण पाय आधीच योग्य जागी गेलेले असतात. फटका बसण्याआधी समोरच्याचा खांदा कुठे वळलाय ते वाचतो. हे वाचन शेकडो सामने खेळून येतं, आणि ते सामने कॅमेरे नसलेल्या मैदानांवर झाले म्हणून हलके ठरत नाहीत. बेंझेमासमोर उभं राहायची तयारी त्याने तिथेच केली होती. याला लॉटरी कसं म्हणायचं?

पुढच्याच फेरीत अथलेटिक बिलबाओने अल्कोयानोला हरवलं. मग तिसऱ्या श्रेणीची नवी मांडणी झाली, 102 च्या जागी 40 संघ उरले, आणि त्या चाळिसांत अल्कोयानोने जागा मिळवली. कपपेक्षा ही कमाई मला मोठी वाटते, पण तिच्यावर कुणी पोस्ट टाकत नाही.

5 जानेवारी 2022 ला कोपामध्ये रेआल माद्रिद पुन्हा एल कोलाओवर आला. या वेळी पाहुणे 3-1 ने जिंकले, आणि तिसरा गोल तर होसे हुआनच्याच अंगाला लागून आत गेला. वय 42. वर्षभरानंतरही अल्कोयानोचा पहिला गोली तोच होता.