बुद्धी गुंग झाली की बुजली?

नाशिकला पंचवटीतल्या आमच्या कट्ट्यावर परवा वादाला निमित्त झाले ते देवयानी दीर्घिकेचे. ती आपल्यापासून सुमारे 25 लाख प्रकाशवर्षे दूर आहे आणि एक प्रकाशवर्ष म्हणजे जवळजवळ साडेनऊ लाख कोटी किलोमीटर, हे ऐकताच नाना उद्गारले, "माइंड बॉगलिंग!" सकाळी मिसळीच्या रश्श्यालाही त्यांनी हाच शब्द बहाल केला होता, याची मी त्यांना आठवण करून दिली.

नाना चिडले. "मग काय म्हणू? कल्पनातीत? ते भाषणातले वाटते. आणि अफाट तर हल्ली सगळेच असते, गर्दीसुद्धा आणि सवलतसुद्धा."

तक्रारीत तथ्य होते; परंतु विस्तार नजरेत मावेना की तो अफाट, माणसाच्या आवाक्याबाहेरचे कोणी करून दाखवले की ते अचाट, आणि कारणच सापडेना की ते अतर्क्य, हा भेद मराठी पाळते, तर तो इंग्रजी शब्द केवळ बोलणाऱ्याच्या डोक्याची अवस्था कळवतो, असे मी म्हणालो. "आणि मती गुंग झाली, असे म्हणतो तेव्हा कोणाची अवस्था कळवतो?" नानांनी विचारले. मला उत्तर सुचले नाही.

इंग्रजी शिकवणाऱ्या सरांनी तेव्हा सांगितले की, 'बॉगल' हे क्रियापद पूर्वी दचकून अडणाऱ्या घोड्यासाठी वापरत. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे: घोडा बुजतो. आपण शब्द उचलला, घोडा मात्र तिकडेच राहिला.

सराफ बाजारात दुकान असलेले अण्णा इतका वेळ गप्प होते. गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडले, हा आकडा डोळ्यांपुढे काहीच उभे करत नाही, पण गोदावरीच्या पात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागले, छातीला लागले, एवढे कानावर आले की आपण माल वर हलवायला घेतो, असे ते म्हणाले. विशेषणाची गरजच पडत नाही. माझ्या मते त्या संध्याकाळचा सर्वांत पक्का मुद्दा हाच होता.

नानांना तो पटला नाही. "देवयानीपुढे कोणता मारुती उभा करणार?"

सरांनी एका पाकिटाच्या कोऱ्या पाठीवर हिशेब मांडला. आपली जुनी दशमान मोजणी परार्धाशी, म्हणजे एकावर सतरा शून्यांशी, थांबते. देवयानीपर्यंतचे किलोमीटर दोनशे परार्धांहूनही अधिक भरले.

नाना बराच वेळ त्या पाकिटाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "बुजलो."