पडायचेच दात, मग कॅप कशाला?
‘दुधाचे दात पडणारच, त्यांना कॅप लावून काय उपयोग’ हे लेखातलं वाक्य खटकलं. पुढचे दात सहा-सात वर्षांचं असताना पडतात हो, पण मागच्या दाढा 10 ते 12 व्या वर्षापर्यंत लागतात. आमच्या लेकीची दाढ पाचव्या वर्षीच किडली. ती काढून टाकली असती तर मागून येणारी पक्की दाढ पुढे सरकून त्या दाढेखालून उगवणाऱ्या पक्क्या दाताची जागाच अडली असती.

आणि दरवेळी इंजेक्शन, ड्रिल लागतंच असंही नाही. हॉल पद्धतीत स्टीलची कॅप सिमेंट भरून दाढेवर नुसती दाबून बसवतात. कीड आत कोंडली जाते आणि वाढायची थांबते. लेकीला अशीच कॅप बसवली; दोन-तीन दिवस ‘दात उंच लागतो’ म्हणून तिची कुरकुर झाली, मग आरशात चकाकती दाढ बघण्यातच बाईसाहेब रमल्या!