माजी सैनिकांच्या पोरांची फी माफ? जरा थांबा

"डिस्चार्ज बुक (फौजेतून सुटल्यावर मिळणारं पुस्तक) दाखवा, कुठल्याही कॉलेजात पोरांची फी माफ" असा मेसेज आपल्या साताऱ्याच्या ग्रुपांवर फिरतोय, आणि खरं सांगतो परवा मीपण तो पुढं ढकलला, चुकलंच. मग माजी सैनिकांच्या कल्याणाचं काम बघणाऱ्या केंद्रीय सैनिक बोर्डाच्या साइटवर नियम वाचत बसलो. ती पंतप्रधान स्कॉलरशिप आहे ओ, फी माफी नाही. मुलीला महिना ३०००, मुलाला २५००, पैसे बँक खात्यावर. त्यातही ज्यावर प्रवेश मिळतो त्या बारावीला, डिप्लोमाला किंवा पदवीला किमान ६० टक्के पाहिजेत, कोर्स इंजिनिअरिंग, मेडिकल, बीएडसारखा प्रोफेशनल, साध्या बीए-बीकॉमला नाही, फॉर्म पहिल्याच वर्षी ऑनलाइन, आणि अख्ख्या देशात वर्षाला ५५०० पोरांनाच, त्यात शहीदांच्या घरांना आधी प्राधान्य. तो मेसेज आता पुढं पाठवू नका, पाठवला असेल तर तिथंच हे टाका. शंका असली तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, कागदं घेऊनच.