‘मोबाईल आहे, यूट्यूब आहे, मग अनुदान कशाला?’ सायबर लॅबवरच्या एका फॉरवर्डला उत्तर

लातूर-नांदेड-परभणीकडच्या कॉलेजांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. म्हणणं असं: सायबर सुरक्षा मोबाईलवर फुकट शिकता येते; सॉफ्टवेअर फुकट असल्यामुळे कॉलेजात सायबर लॅब उभारायच्या अनुदानाचा फायदा फक्त कॉम्प्युटर विकणाऱ्यांना; अशा लॅबमधून पोरं हॅकर होणार; परदेशी संस्था तर अर्ज टाकला की पैसे देतात; आणि शिकून मराठवाड्यात काम कुठंय? एकेक मुद्दा घेऊ.

“मोबाईल पुरेसा आहे.” लेक्चर ऐकायला आहे. रूट न केलेल्या (म्हणजे पूर्ण ताबा न घेतलेल्या) अँड्रॉइडवर टर्मक्स या कमांड-ॲपमध्ये एनमॅप हे नेटवर्क तपासणारं साधन चालतं, पण त्यातली सिन स्कॅन ही नेहमीची तपासणी होत नाही, कारण त्याला लागणारा रॉ सॉकेट (पॅकेट स्वतः घडवून पाठवायची मुभा) फोन देत नाही. हल्ला करणारं एक मशीन आणि झेलणारं दुसरं, दोन्ही एकाच वेळी चालू ठेवून मधली पॅकेट्स (माहितीचे तुकडे) बघायची, हा खरा अभ्यास. तो फोनवर बसत नाही. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाचं पिकोसीटीएफ हे सायबर कोडी सोडवायचं संकेतस्थळ फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं, सुरुवातीला जरूर वापरा. पण त्यात नेटवर्क उभं करायची वेळ येत नाही.

“सॉफ्टवेअर फुकट, मग पैसा कशाला?” हे अर्धं खरं आहे, म्हणूनच लोकांना पटतं. काली (हल्ल्याची साधनं असलेली लिनक्स), मेटास्प्लॉइटेबल (सरावासाठी मुद्दाम कच्चं ठेवलेलं मशीन), वायरशार्क (पॅकेट्स दाखवणारं), व्हर्च्युअलबॉक्स (एका कॉम्प्युटरात आणखी कॉम्प्युटर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवणारं) या कशालाच पैसे पडत नाहीत. आता २० मुलांची बॅच धरा. दोघांत एक म्हणजे १० मशीन, प्रत्येकी १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी. ८ जीबीत विंडोजवर दोन व्हर्च्युअल मशीन रडतखडत चालतात. मॉनिटरसकट मशीनमागे १५० वॅट धरले तर दीड किलोवॅट झाले, म्हणजे ३ केव्हीएचा यूपीएस. त्याआधी अर्थिंग तपासा, जुन्या इमारतींत ती नावापुरती असते. बॅटऱ्या दोन-तीन वर्षांत बसतात, त्यामुळे तिसऱ्या वर्षाची तरतूद पहिल्याच प्रस्तावात हवी.

मग मशीन लावली की अडचणी सुरू. व्हर्च्युअलबॉक्समध्ये फक्त ३२-बिटचे पर्याय दिसले तर बहुधा बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशन बंद आहे. खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसलं तर विंडोजची स्वतःची व्हर्च्युअल मशीनची सोय, हायपर-व्ही, आड येतेय, सगळं त्या कासवाच्याच गतीनं चालणार. कालीची फाइल दहा वेळा डाउनलोड करू नका. एकदा उतरवा, एसएचए-२५६ (फाइल जशीच्या तशी आली का ते सांगणारा ठसा) जुळवा, पेनड्राइव्हनं वाटा. पेनड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीनं फॉरमॅट केलेला हवा, फॅट३२ वर ४ जीबीच्या वरची फाइल मावत नाही. तेच मशीन सगळीकडे इम्पोर्ट करताना मॅक अॅड्रेस (नेटवर्क कार्डाचे ओळख क्रमांक) नवे घ्या, नाहीतर एका नेटवर्कवर आल्यावर आयपी (नेटवर्कवरचे पत्ते) एकमेकांना धडकतात. व्हर्च्युअलबॉक्सच्या ‘इंटर्नल नेटवर्क’वर (फक्त आतल्या मशीनांपुरत्या जाळ्यावर) आपोआप आयपी मिळत नाही, हातानं द्यावा लागतो, बरेच जण इथंच मशीन बिघडलं समजून पुन्हा इन्स्टॉल करत बसतात.

हे सगळं सोडवणारा माणूस, हाच खरा खर्च. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाला तासाचे पैसे मिळतात, प्रात्यक्षिक मांडण्यात गेलेल्या संध्याकाळचे नाही. नुसत्या यंत्रखरेदीचं अनुदान म्हणजे बोअर घेतला, मोटर टाकली, पण कनेक्शनच नाही. मेसेजमधली विक्रेत्यांची तक्रार तेवढ्यापुरती रास्त आहे. पण त्यावर इलाज अनुदान बंद करण्याचा नसून कलमं बदलण्याचा आहे: प्रशिक्षकाचं मानधन, लॅब असिस्टंट, दुरुस्ती ही कलमं आधी लिहा, मशीन नंतर.

“पोरं हॅकर होतील.” उलट आहे. घरी व्हिडिओ बघून शिकणाऱ्याला सरावाला हातात येते ती कुणाची तरी चालू वेबसाइट. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ खाली विनापरवाना शिरकाव झाला की भरपाई मागता येते. तेच अप्रामाणिक हेतूनं केलं तर कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. लॅबमध्ये वेगळा स्विच असतो आणि कॉलेजच्या नेटवर्कला जाणारी केबल त्यात लावायचीच नसते. ती कुणी ‘अपडेटपुरती’ लावली आणि मशीन ब्रिज्डवर (थेट बाहेरच्या नेटवर्कला जोडणाऱ्या सेटिंगवर) असलं, तर मुद्दाम कच्चं ठेवलेलं मेटास्प्लॉइटेबल अख्ख्या कॉलेजला उघडं पडतं. म्हणून त्या पोर्टला कुलूप लावा.

“परदेशी पैसा सहज मिळतो.” एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, वाचलेला माणूस असं लिहिणार नाही. नोंदणीसाठी संस्था किमान ३ वर्षं जुनी हवी आणि मागच्या ३ आर्थिक वर्षांत मूळ कामावर १५ लाख खर्च केलेला हवा. नसेल तर ठरावीक देणगीदारासाठी एफसी-३बी हा फॉर्म भरून पूर्वपरवानगी. खातं स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतच. २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत, आणि एका संस्थेला आलेली रक्कम दुसरीकडे वर्ग करता येत नाही. त्यामुळे ‘पुण्याची संस्था पैसे आणेल आणि आम्हाला देईल’ हा बेत कागदावरच अडतो.

“इथं काम कुठंय?” २०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटी गेले, सहकारी बँका तर इथं तालुक्या-तालुक्यात आहेत. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत तिला कळवावी लागते आणि १८० दिवसांचे लॉग (यंत्रांनी आपोआप ठेवलेल्या नोंदी) जपावे लागतात. साखर कारखाना कंपनी असो की सहकारी, लॉग वाचणारा माणूस लागतोच. आणि सर्व्हरची घड्याळं एनटीपीनं (नेटवर्कवरून वेळ जुळवायच्या पद्धतीनं) जुळलेली नसली तर फायरवॉल (नेटवर्कचा पहारेकरी) आणि सर्व्हरच्या नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत, सहातले दोन तास तिथंच जातात. घड्याळ जुळवणं हे लॅबचं पहिलं प्रात्यक्षिक ठेवा. त्याला ना जादा मशीन लागतं, ना परवाना.