जास्वंदीवरचा ढेकूण गादीत येत नाही

आत्याच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर एक मेसेज आला आणि दुसऱ्या दिवशी तिनं जास्वंदीच्या कुंडीत फिनेल ओतलं. मेसेज असा: ‘सावधान! पावसाळ्यात झाडांवरचे पिठ्या ढेकूण आणि लाल ढेकूण रात्री घरात शिरतात, गादीत अंडी घालतात, लहान मुलांना चावतात. त्यातले मोठे, पांढरे, केसाळ दिसतात त्या राण्या, त्या आधी ठेचा. कुंडीत फिनेल ओता, पानांवर रॉकेल मारा. पांढरी बुरशी दिसली तर बुरशीनाशक टाका. सोसायटीतली भेंडीची झाडं काढून टाका.’

यातलं सगळ्यात घातक वाक्य राण्यांचं आहे, म्हणून आधी तेच.

पिठ्या ढेकूण म्हणजे पांढऱ्या पिठासारख्या मेणानं झाकलेली, झाडाचा रस शोषणारी कीड. त्यांच्यात राणी नसते. राणी मुंग्यांत असते, मधमाश्यांत असते, वाळवीत असते. पिठ्याची मादी बिनपंखी, मऊ, ३-४ मिलिमीटरची. एकदा सोंड खुपसली की ती जागा फारशी सोडत नाही. त्याच फांदीवर तिच्या तिप्पट लांबीचं, अंगभर पांढऱ्या मेणाचे झुबके असलेलं आणि लगबगीनं चालणारं काही दिसलं, तर ती बहुधा क्रिप्टोलिमस या लेडीबर्ड भुंगेऱ्याची अळी असते. पिठ्याची अंडी आणि पिल्लं हे तिचं मुख्य खाणं. हा भुंगेरा मूळचा ऑस्ट्रेलियातला. १८९८ साली कॉफीवरच्या हिरव्या खवले किडीसाठी तो भारतात आणला गेला. आपले द्राक्ष बागायतदार तो पैसे देऊन विकत आणतात आणि बागेत सोडतात. तुम्ही तो फुकट मिळालेला चपलेखाली चिरडताय. ओळख अगदी सोपी आहे: काडीनं हलकेच ढोसा. अळी पटकन पुढे सरकते आणि पाय दिसतात. पिठ्या जागीच चिकटून बसतो. पिठ्याच्या घोळक्यात कधी मेण फासलेली, चपटी, मळकट सुरवंटासारखी अळी सापडते. ती एपफ्लाय या छोट्या फुलपाखराची. तिचा कोष अगदी माकडाच्या तोंडासारखा दिसतो. तिलाही हात लावू नका, तीही पिठ्याच खाते.

हे मित्रकीटक किती काम करतात, याचा दाखला पपईचा. पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८मध्ये कोइमतूरला आढळला आणि बघता बघता आपल्याकडेही पोचला. फवारण्यांनी तो आवरेना. २०१०मध्ये बेंगळुरूच्या सरकारी कीटक संस्थेनं पोर्तो रिकोहून असेरोफॅगस पपयी नावाचा परजीवी कीटक मागवून सोडला. जेमतेम मिलिमीटरभर लांबीचा हा कीटक पिठ्याच्या अंगातच अंडी घालतो. त्यानंतर पपई सावरली. रॉकेलच्या फवाऱ्यात असे कीटक सगळ्यात आधी मरतात.

आता गादीचं. हा सगळा गोंधळ ‘ढेकूण’ या एका शब्दानं केलाय. १७५८ साली लिनियसनंही गादीतला ढेकूण आणि झाडांवरचे बरेच ढेकूण ‘सायमेक्स’ या एकाच प्रजातीत घातले होते. पुढे ते वेगळे काढले गेले. पिठ्याचे भाऊबंद मात्र तेव्हाही ‘कॉकस’ या निराळ्या प्रजातीत होते. हे सगळे अर्धपंखी गणातले, सोंडेनं शोषणारे, एवढंच साम्य. पिठ्या नावाला ढेकूण. नात्यानं तो मावा आणि पांढऱ्या माशीच्या घरातला. त्याची सोंड झाडाचा गोड रस ओढण्यासाठी आहे. जास्तीचा रस चिकट थेंबांनी बाहेर टाकतो, त्यावर काळी काजळी धरते, मुंग्या येतात. गादीतल्या ढेकणाला पिल्लापासून मोठा होईपर्यंत प्रत्येक टप्प्यावर रक्तच लागतं. तो घरात येतो तो प्रवासाच्या बॅगांतून, जुन्या फर्निचरमधून, दुसऱ्याच्या गादीतून. कुंडीतून नाही.

लाल ढेकणाचं खाणं बी. जास्वंद, भेंडी, कापूस, सावर आणि आपल्या किनाऱ्यावर जागोजागी असलेला परसपिंपळ, ज्याला भेंडीचं झाड म्हणतात, ही सगळी एकाच कुळातली झाडं. बोंडं उकलली की खाली पडलेल्या बियांवर हे ढेकूण जमतात, जोड्या पाठीला पाठ लावून फिरतात. अंडी ओलसर मातीत घालतात. तळमजल्याच्या भिंतीवर चारदोन चढतात हे खरं. झाडूनं लोटून द्या. झाडावरचा एखादा शिकारी ढेकूण हातात दाबलात तर कळवळून टाकणारा डंख करतो, हेही मान्य. पण त्यासाठी झाड तोडायचं? १९७५च्या झाडं जतन कायद्यानुसार परवानगीशिवाय तोडता येत नाही, हेही सेक्रेटरींच्या कानावर घाला.

फिनेलनं मुळं भाजतात. पिठ्या वर फांदीवर तसाच राहतो. रॉकेलबद्दल अर्धं सत्य आहे ते सांगतो: पूर्वी शेतीत साबणाच्या पाण्यात घोटून, भरपूर पातळ करून रॉकेल वापरत. नुसतं रॉकेल पानाचा मेणाचा थर विरघळवतं, पान करपतं, आणि गॅलरीत आगीला निमंत्रण वेगळंच. बुरशीचं म्हणाल तर काडीनं दाबून बघा. चिरडून ओलसर रस आला, तर ती कीड आहे.

जास्वंदीचे शेंडे आखडून गुच्छ झाले असतील तर गुच्छाखाली दोन बोटं अंतर सोडून छाटा, पिशवीत घालून गाठ मारा. गॅलरीतून खाली टाकू नका. उरलेल्या फांद्यांवर, पानांच्या मागून, पाण्याचा जोरदार फवारा. मग १ लिटर पाण्याला ५ मिलि कडुलिंबाचं तेल. आधी १-२ मिलि पातळ साबण थोड्या कोमट पाण्यात, त्यात तेल, घुसळून पांढरं झालं की उरलेलं पाणी. हा क्रम चुकला की तेल वर तरंगतं आणि पानं जळतात. ऊन उतरल्यावर मारा, आधी एका फांदीवर करून बघा. एका मादीच्या कापसासारख्या पिशवीत शेकडो अंडी असतात आणि ती या फवाऱ्यानं मरत नाहीत, म्हणून ७ दिवसांच्या अंतरानं तीनदा. मित्रअळ्या असलेली फांदी सोडून द्या. पावसाळ्यातल्या दमट हवेत व्हर्टिसिलियम लेकॅनी ही उपयोगी बुरशी ५ ग्रॅम प्रति लिटर चांगली चालते; तिच्याबरोबर बुरशीनाशक मारलंत तर तीच मरते.

आणि मुंग्या अडवा, त्या पिठ्याची राखण करतात. खोडाला कागदी टेप गुंडाळून त्यावर ग्रीस लावा, सालीवर थेट नको. कुंडीखाली पाण्याची बशी ठेवायचा सल्लाही फिरतोय. ठेवू नका, त्यात डेंग्यूचे डास होतात.